पहिल्या चिऱ्यावरचा डाग

१

झानीस पाथरवटाच्या दिवसाला ओळंबा लावला असता, तरी तो कुठे सुताइतका ढळलेला सापडला नसता. साडेपाचला उठायचं. मारूसानं ठेवलेली कॉफी अंगणात उभ्यानंच प्यायची, गाळ कपात सोडायचा. मग हत्यारांची पिशवी खांद्याला लावून डोंगर चढायचा. सातच्या आत देवळावर पोचलं नाही तर त्याला दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मारूसा म्हणायची, "तू मेलास ना झानीस, तरी साडेपाचला उठून बसशील. पाद्रीबुवा धूपदान टाकून पळतील."

नवराबायको मूळची ग्रीसमधल्या तिनोस बेटावरची. तिथे संगमरवर घडवणं पिढ्यान्‌पिढ्यांचं. आर्कादियाच्या डोंगरातल्या या गावात ती तीन वर्षांपूर्वी आली ती जुनं देऊळ पुन्हा उभं करायच्या कामापुरती, भाड्याच्या घरात. देऊळ अडीच हजार वर्षांचं. त्यातला देव कोणता यावरून विद्वानांची भांडणं चालली होती, आणि गावाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. गाव त्याला नुसतं 'खांब' म्हणे. "शेळ्या खांबांवर गेल्यात," म्हणे.

उत्तरेच्या बाजूला तेरा खांबांची रांग. बारा उभे होते, सातवा तेवढा नव्हता. जोत्यावर त्याचा कमरेइतका उंच पहिला चिरा जागेवर होता आणि वरचे नऊ गोल चिरे खाली गवतात पडले होते. भूकंपानं पडला, असं सरकारी कागदात लिहिलं होतं. झानीसनं पहिल्याच दिवशी ते चिरे पाहून मान हलवली होती.

"भूकंपानं पडलेला खांब असा पडत नाही, बाई," तो कामावरच्या आर्किटेक्टला, कालिरोईबाईंना म्हणाला. "कडा फुटतात, चिरे एकमेकांवर आदळतात. हे बघा. ओळीनं ठेवलेत. दुसरा, तिसरा, चौथा. एकाचीही कड उडालेली नाही. हा खांब कुणीतरी उतरवून ठेवलाय."

"कुणी उतरवला? आणि कशाला, मास्तर?"

"ते मला काय माहीत? मी चढवणारा."

कालिरोईबाई हुशार होत्या, पण बारा उभ्या खांबांपुढे एका आडव्या खांबाचं कोडं सोडवायला त्यांना सवड नव्हती.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती झानीसनं बाईंना अर्धीच सांगितली. पहिल्या चिऱ्याच्या माथ्यावर, दोन चिरे जोडणाऱ्या मधल्या लाकडी खुंटीच्या खाचेपासून कडेपर्यंत, एक काळपट डाग होता. वाइन सांडावी तसा. पाण्यानं गेला नाही, साबणानं गेला नाही. भर उन्हात हात ठेवला तर बाकीचा दगड चटका द्यायचा आणि डाग गार लागायचा. बाई म्हणाल्या, जुन्या खुंटीचं लाकूड पाझरलं असेल. पटण्यासारखं होतं. झानीसनं सकाळी डागाभोवती खडूची रेघ मारून ठेवली, म्हणजे दुपारी नेमकं तेवढंच घासता येईल. दुपारी पाहतो तर डाग एका बाजूनं रेघेच्या दोन बोटं बाहेर होता. दुसऱ्या बाजूला तेवढीच पांढरी जागा सुटली होती.

रेघ वाकडी मारली आपण, असं त्यानं स्वतःला सांगितलं. चाळीस वर्षांत त्यानं वाकडी रेघ मारली नव्हती, हे मात्र सांगायचं राहिलं.

२

झानीसचे वडील आणि त्यांचे वडील, दोघांनाही एक सवय होती. दगड जागेवर उतरवायच्या आधी मोठ्यानं ओरडायचं, "सावली!" की सगळ्यांनी दोन पावलं मागे सरायचं. दगड बसताना सांध्यात कुणाची सावली सापडली तर ते माणूस वर्ष काढत नाही, वाळत जातं, असं त्यांच्यात म्हणत. झानीसचा यावर विश्वास होता का? विचारलं असतं तर तो हसला असता. पण आरोळी त्यानं एकदाही चुकवली नव्हती. डोक्यावर हेल्मेट घालणारा माणूस तरी रोज दगड पडणारच असं कुठे धरून चालतो?

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुसरा चिरा बसवायचा ठरला. मंगळवारी नवं काम काढू नये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण अथेन्सहून येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना मंगळवारच सोयीचा होता. कोट घातलेली सातआठ माणसं, एक कॅमेरा. कालिरोईबाई झानीसला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "मास्तर, आज ती तुमची आरोळी नको हं. परदेशी लोक आहेत. उगाच हसतील, आणि छापतील वर."

झानीसचे कान लाल झाले. "नाही ओरडत," तो म्हणाला.

दहाच्या सुमाराला चिरा क्रेनला लोंबकळला. क्रेन पानागोसची. जाडा, बडबड्या गडी. पण पाच टनांचा दगड अंड्यासारखा ठेवायचा. खाली झानीस एका गुडघ्यावर बसून हातानं खुणा करत होता. आणखी खाली. थोडा उजवीकडे. खुंटी खाचेच्या बरोबर वर आली. हातभर अंतर राहिलं.

तेवढ्यात मारूसा वर आली. पाहुण्यांसाठी पालक-चीजची पाई केली होती तिनं, परडी हातात होती. नवऱ्याचं काम नीट दिसावं म्हणून ती मागच्या एका पडक्या दगडावर चढून उभी राहिली. ऊन तिच्या पाठीवर होतं.

तिची सावली पहिल्या चिऱ्यावर पडली. डोकं, खांदे, हातातली परडी. नेमकी डागावर पडली, आणि डाग कुठे संपतो आणि मारूसा कुठे सुरू होते ते झानीसला कळेना.

एक हात वर केला असता तर पानागोस थांबला असता. "मारूसा, सरक गं," एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण कॅमेरा त्याच्यावर होता, बाई बघत होत्या, आणि झानीसला लाज वाटली. एवढ्याशा लाजेपायी त्यानं बोटानं खूण केली, खाली.

चिरा बसला. सांधा असा जुळला की त्यात केस जाईना. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आई गं!" मागून मारूसा म्हणाली आणि तिनं दंड चोळले. "मेलं कुणी गार पाणी ओतलं अंगावर?"

३

पुढचे सहा आठवडे खांब दोन चिऱ्यांवरच थांबला होता. तिसरा गवतातून उचलताना जुनी भेग उकलून अर्धा फुटला होता. त्याचा निम्मा भाग नव्या संगमरवरात घडवून जोडायचा होता, आणि ते काम झानीसचंच.

मारूसा आधी नुसती दमायला लागली. विहिरीवरून येताना दोनदा बसायची. मग जूनच्या उकाड्यात लोकरीची शाल घेऊ लागली. कपडे वाळत घालताना अर्ध्यावर हात खाली यायचे. दवाखान्यातल्या डॉक्टरनं रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, सगळं ठीक आहे म्हणाला, लोहाच्या गोळ्या दिल्या.

"म्हातारी होतेय मी," मारूसा म्हणाली. "तूही हो जरा. एकटीनं व्हायला कंटाळा येतो."

झानीस हसला, पण ताटावरून अर्ध्यातच उठला. सावलीची गोष्ट त्याच्या मनातून जाता जाईना. आपण शिकलेला माणूस नाही, पण मूर्खही नाही, असं तो स्वतःला बजावायचा. बायका या वयात थकतात. शेजारची स्तामाता नाही का थकली?

तरीही एका संध्याकाळी, सहाला, मारूसा अंगणात बेसिलच्या कुंड्यांना पाणी घालत असताना, त्यानं रेघ आखायच्या सुतळीनं तिची सावली मोजली. टाचेपासून डोक्यापर्यंत. सुतळीला गाठ मारली. आठ दिवसांनी पुन्हा सहाला मोजली. सावली गाठीपर्यंत पोचली नाही.

त्यानं सुतळी पुन्हा ताणून पाहिली. मग त्याच्यातला पाथरवट जागा झाला. अरे गाढवा, जून आहे. सूर्य रोज वर चढतोय, सगळ्यांच्याच सावल्या आखडतायत. गवंड्याच्या पोराला एवढं कळू नये? त्याला इतकं हलकं वाटलं की तो कॉफीच्या दुकानात जाऊन दोन पेले चढवून आला.

पण खात्री करायची सवय वाईट. दुसऱ्या दिवशी त्यानं बरोबर मारूसाच्या उंचीची एक काठी तासली आणि अंगणात ओळंब्यात उभी केली. द्राक्षाच्या वेलाला आधार म्हणाला. सूर्य चढो की उतरो, काठी आणि बायको सारख्या उंचीच्या, म्हणजे सावल्याही सारख्या हव्यात.

काठीची सावली अंगणातल्या सातव्या फरशीपर्यंत आली. शेजारी उभ्या असलेल्या मारूसाची सहाव्या फरशीवरच संपली.

"काय रे बघतोस?" तिनं विचारलं.

"वेल," झानीस म्हणाला.

चार दिवसांनी ती पाचवीवर संपली.

४

त्यानंतर दुपारच्या सुट्टीत झानीस खाली जाईनासा झाला. बारा ते तीन देवळावर कुणी नसे. पानागोस पाइनच्या झाडाखाली तोंडावर टोपी घेऊन घोरायचा, झाडांवरचे किडे कर्कश किरकिरत असायचे, आणि सगळे खांब आपापल्या पायांशी आपापली आखूड सावली घेऊन उभे असायचे.

सातव्या खांबाचा सांधा त्यानं बोटांनी चाचपला. सगळीकडे दगड तापलेला होता. एका जागी, जिथे आत डाग होता, तिथे गार. वारा लागत असेल, त्यानं मनाशी म्हटलं. वारा नव्हता.

मग त्यानं सांध्याला कान लावला.

आधी काहीच नाही. किडे एकदम थांबले, तसे ते अधूनमधून थांबतातच. आणि आतून आवाज आला. घरातला, ओळखीचा आवाज होता तो. ओलं कापड झटकल्याचा. मग हात फिरवल्याचा. मग पुन्हा झटकल्याचा. तीस वर्षं रोज दुपारी ऐकलेला आवाज. मारूसा चादरींची घडी घालते तेव्हाचा.

झानीसला रडू फुटलं. चांगला सहा फूट उंच माणूस, खांबाला गाल लावून रडत होता. "मारूसा," तो दगडाला म्हणाला, "चुकलो गं."

आवाज थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. झटकलं, ताणलं, जवळ आणलं. तेव्हा त्याच्या लक्षात एक बारीकशी गोष्ट आली. मारूसा एकटी घडी घालते तेव्हा चादर दारावर टाकते. ही चादर ताणली जात होती. एक टोक इकडे, एक टोक तिकडे. दुसरं टोक धरल्याशिवाय असा आवाज येत नाही.

"मास्तर!" पानागोस टोपी सरकवून उठला होता. "खांबाशी काय गुजगोष्टी चालल्यात? ऊन लागलं का?"

"सांधा बघत होतो," झानीस म्हणाला आणि डोळे पुसले. टोकाबिकाचा विचार त्यानं तिथेच सोडून दिला. मारूसा आत आहे एवढंच त्याला पुरे होतं.

५

तिसरा चिरा तयार झाला. गुरुवारी तो चढवायचा होता. एकदा तो चढला, मग चौथा, मग पाचवा. मग तो सांधा पुन्हा कोण उघडणार? बुधवारी संध्याकाळी मारूसाची सावली तिसऱ्या फरशीवर संपली होती. तिला खुर्चीतून उठवेना. ती खिडकीतून डोंगराकडे बघत बसली होती आणि म्हणाली, "दमले रे. मी इथे आहे असं वाटतच नाही मला."

गुरुवारी सकाळी झानीस कालिरोईबाईंच्या पत्र्याच्या ऑफिसात टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"बाई, दुसरा चिरा उचलावा लागेल. सांध्यात माझी चूक राहिलीय."

बाईंनी चष्मा काढला. "तुमची? मी स्वतः तपासलाय. केस जात नाही त्यात."

"खडा राहिलाय आत. मला माहीत होतं. पाहुण्यांसमोर बोललो नाही. वरून वजन आलं की पहिला चिरा तडकेल."

खडा नव्हता. पण चूक खरी होती, गप्प बसणंही खरं होतं, आणि ते बोलताना त्याला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. पत्र्याबाहेर पानागोस ऐकत होता. संध्याकाळपर्यंत गावभर होणार होतं की तिनोसच्या झानीसनं खोटा सांधा बसवला आणि सहा आठवडे गप्प राहिला. होऊ दे.

"चाळीस वर्षांचा अनुभव म्हणून तुम्हाला आणलं," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते जास्त लागलं. "उचला. पण तुमच्या नावावर लिहीन मी हे."

"लिहा."

पानागोसच्या गाडीतून त्यानं मारूसाला वर आणली आणि त्याच पडक्या दगडावर बसवली. "वेडा झालायस का?" ती पुटपुटली. शालीतही तिचे दात वाजत होते. तिच्या पायांशी तळहाताएवढी सावली होती.

पट्टे आवळले. पानागोसनं इंजीन चालू केलं. झानीस उभा राहिला आणि पोटातून ओरडला, "सावली!"

डोंगरानं आरोळी परत दिली. बाईही दोन पावलं मागे सरल्या.

चिरा वीतभर उचलला गेला. झानीस गुडघ्यावर बसून आत पाहत होता. आत अंधार होता. त्याचं काही नाही, फटीत अंधारच असतो. पण सकाळचं ऊन त्या फटीत तिरपं शिरलं तरी तो अंधार तसाच राहिला. मग तो हलला. तेल सांडावं तसा कडेवरून ओघळला, चिऱ्याच्या पन्हळींतून खाली आला आणि जोत्यावरून मारूसाच्या पायांकडे सरकत गेला. झानीसला त्यात परडी ओळखू आली. परडीच्या दोन बाजूंना धरलेले हात ओळखू आले. किती हात ते मोजायचं भान त्याला नव्हतं. पापणी लवली, तेवढ्यात जोतं पुन्हा पांढरं होतं.

मागे मारूसानं मोठा श्वास घेतला. पाण्यातून डोकं वर काढल्यावर घेतात तसा.

"झानीस," ती म्हणाली, "भूक लागलीय मला."

झानीस तिच्याकडे धावला. तिच्या गालांना रंग आला होता. पायांशी चांगली भरघोस सावली पडली होती. त्यानं तिचे हात धरले, कपाळाचं चुंबन घेतलं, सगळ्यांदेखत तीनदा थू थू थू करून दृष्ट काढली. बाई अवघडून दुसरीकडे बघायला लागल्या. झानीसला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

"मास्तर," क्रेनवरून पानागोसनं हाक मारली. "खडा तर कुठे दिसत नाही. आणि तो डाग कुठे गेला हो? सगळा दगड पांढराशुभ्र!"

"घासला गेला असेल," झानीस तिकडे न बघता म्हणाला.

दुपारपर्यंत दोन्ही चिरे बसले. प्रत्येक वेळी आरोळी दिली. कुणी हसलं नाही.

६

त्या संध्याकाळी मारूसानं तीन माणसांचं जेवण एकटीनं संपवलं. द्राक्षाच्या पानांतला भात, ऑलिव्ह, ब्रेड, वर टरबूज. "सहा आठवड्यांची बाकी आहे," ती म्हणाली. मग गुणगुणत अंगणात गेली आणि दोरीवरचे कपडे काढायला लागली.

झानीस उंबऱ्यावर बसून तिला बघत होता. सहा वाजले होते. मोजायची आता गरजच काय? पण खिशात सुतळी होती, आणि खात्री करायची सवय त्याची सुटली नव्हती.

काठीची सावली पाहिली. सहाव्या फरशीच्या कडेवर. बरोबर आहे, परवा दिवस सर्वांत मोठा होता, आता सावली हळूहळू लांबायला लागेल.

मारूसाची सावली सहावी फरशी ओलांडून गेली होती. सातवीही ओलांडली होती. डोकं आठवीवर होतं.

त्यानं सुतळी काढली. पहिल्या दिवशीची गाठ शोधली. सावली त्या गाठीच्याही वीतभर पुढे होती. जितकी गेली होती, त्याहून जास्त परत आली होती.

काठी वाकली असेल. त्यानं उठून ओळंबा लावला. काठी सरळ होती.

तेव्हा त्याला गवतात ओळीनं मांडून ठेवलेले चिरे आठवले. कड न उडवता उतरवलेले. कुणीतरी घाईनं नव्हे, काळजीनं, एकेक करत खाली येत पहिल्या चिऱ्यापर्यंत पोचलं होतं. आपलं माणूस सोडवायला आलं असेल, माझ्यासारखंच, असं त्याच्या मनात आलं. मग त्यानं काय पाहिलं, म्हणून डाग तिथेच ठेवून गेलं?

"अरे, बसलायस काय नुसता?" मारूसानं चादर झटकली. "ये, दुसरं टोक धर. की नको? राहू दे, झालीच."

चादर तिच्या हातांत होती. ती ताणली गेली, मधोमध दुमडली गेली, आणि चौकोनी घडी होऊन तिच्या छातीशी आली. दोरीच्या त्या बाजूला कुणी नव्हतं.

"काय झालं?" ती म्हणाली. ती झानीसकडे बघत होती, अगदी समोरून, पूर्वीसारखी हसत होती. तीच मारूसा, डाव्या गालावर तीच खळी.

झानीसनं खाली फरशीवर पाहिलं. सावलीनं मान वळवली होती. तिचं कपाळ, नाक, हनुवटी बाजूनं स्वच्छ दिसत होती, आणि ती वर डोंगराकडे, खांबांकडे बघत होती.

"काही नाही," झानीस म्हणाला आणि चादर घ्यायला पुढे झाला. त्या सावलीवर पाय पडणार नाही एवढी काळजी मात्र त्यानं घेतली.